रक्तदाबाची कहाणी

दवाखान्यात डॉक्टर रुग्णाच्या दंडाभोवती कापडी पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबून त्या पट्ट्यात हवा भरतात आणि कोपराच्या आतील बाजूस श्रवणनळी टेकवून लक्षपूर्वक ऐकतात. थोड्या वेळाने ते कागदावर दोन आकडे लिहितात : १२० आणि ८०. हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे की, त्यात काही नवल आहे असे कोणालाच वाटत नाही. जखम नाही, वेदना नाही, रक्ताचा थेंबही सांडत नाही. आणि तरीही शरीराच्या आत वाहणाऱ्या रक्ताचा जोर किती आहे, हे डॉक्टरांना कळते. परंतु हे दोन आकडे असे सहजपणे मिळू लागण्यास सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. या शोधाचा आरंभ एका घोडीच्या मृत्यूने झाला आहे.

रक्त शरीरात सतत फिरत असते, ही गोष्ट इंग्लंडमधील विल्यम हार्वी या वैद्याने इ. स. १६२८ मध्ये आपल्या ग्रंथात सिद्ध करून दाखविली. त्यापूर्वी युरोपातील वैद्य असे मानीत की, रक्त यकृतात नित्य नव्याने तयार होते आणि अवयवांत पोहोचल्यावर तेथेच खर्ची पडते. हार्वीने साधा हिशेब केला. हृदय एका ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर टाकते असे धरले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरते! एवढे रक्त नव्याने येणार कोठून? अर्थात तेच रक्त पुनःपुन्हा हृदयाकडे परत येत असले पाहिजे. हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात आणि ते परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या मात्र हार्वीला दिसल्या नाहीत. त्या इटलीतील माल्पिगी या शास्त्रज्ञाने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्ताच्या प्रवासाचे वर्तुळ अशा रीतीने पूर्ण झाले.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहिला. हृदय हे रक्त ढकलते तरी किती जोराने? कापलेल्या रोहिणीतून रक्त कारंज्यासारखे उसळते, हे शल्यवैद्यांना ठाऊक होते. मनगटावर बोटे ठेवून नाडी जलद आहे की मंद, भरलेली आहे की क्षीण, हे वैद्य पूर्वापार सांगत आले होते. पण बोटांना जे जाणवते ते आकड्यात कसे मांडावयाचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

हे काम करणारा मनुष्य वैद्य नव्हता. स्टीफन हेल्स हा थेम्स नदीच्या काठी टेडिंग्टन नावाच्या गावी राहणारा धर्मोपदेशक होता. केंब्रिज येथे त्याचे शिक्षण झाले होते. मोजल्यावाचून कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवावयाचा नाही, हा त्याचा स्वभाव होता. द्राक्षाच्या वेलीतून पाझरणारा रस किती जोराने वर चढतो, हेदेखील त्याने कापलेल्या वेलीला काचेची नळी जोडून मोजले. प्राण्याच्या रक्ताचा जोरही त्याने अशाच रीतीने मोजला.

त्याच्या प्रसिद्ध प्रयोगासाठी चौदा वर्षे वयाची एक घोडी निवडली होती. ती कामासाठी निरुपयोगी ठरल्याने तिला मारून टाकण्यात येणार होते. तिला जमिनीवर उताणी बांधून हेल्सने तिच्या मांडीतील रोहिणी उघडी केली आणि तीत पितळेची बारीक नळी बसविली. त्या नळीला त्याने नऊ फूट लांबीची काचेची नळी उभी जोडली. रोहिणीवरचे बंधन सैल करताच रक्त नळीत चढू लागले. प्रथम ते झपाट्याने चढले, नंतर प्रत्येक ठोक्यागणिक थोडे थोडे वर सरकले आणि अखेर हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर उंचीवर जाऊन थांबले. तेथेही ते अगदी स्थिर राहिले नाही. हृदयाच्या ठोक्याबरोबर ते काही इंच वर जाई आणि पुन्हा खाली येई. हृदयाची शक्ती अशा प्रकारे प्रथमच मनुष्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. हेल्सने नीलेतील दाबही मोजला. रोहिणीच्या मानाने तो फारच थोडा भरला.

आठ फूट तीन इंच या उंचीचा अर्थ काय? नळीतील रक्ताला त्याचे स्वतःचे वजन खाली ओढीत असते आणि रोहिणीतील दाब त्याला वर ढकलीत असतो. दोहोंची बरोबरी झाली की रक्त चढावयाचे थांबते. म्हणून स्तंभाची उंची हेच दाबाचे माप ठरते. गावातील पाण्याची टाकी उंचावर बांधतात, त्याचेही कारण हेच आहे. तेथे उंचीमुळे नळाच्या पाण्याला दाब मिळतो; येथे दाबामुळे रक्ताला उंची मिळाली.

हेल्सने हे सर्व प्रयोग १७३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. परंतु प्रयोगासाठी नळीवाटे रक्त थोडे थोडे काढून घेत गेल्याने ती घोडी शेवटी मरण पावली. हेल्स निर्दय नव्हता. चिरफाडीच्या कामाचा उबग आल्याने आपण हे प्रयोग मध्यंतरी सोडून दिले होते, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. कवी अलेक्झांडर पोप हा त्याचा शेजारी व स्नेही होता. हेल्स हा सज्जन आहे याविषयी त्याला शंका नव्हती; परंतु या सज्जनाचे हात प्राण्यांच्या रक्ताने माखावेत, याचे त्याला दुःख होई. पोपची ही हळहळ अनाठायी नव्हती. जिवंत शरीराच्या आत काय चालले आहे हे जाणण्यासाठी त्या शरीराला जखम करणे भाग असेल, तर ते ज्ञान रुग्णाच्या काय उपयोगाचे?

पुढची शंभर वर्षे हा प्रश्न जवळजवळ तसाच राहिला. नंतर प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने त्याकडे लक्ष वळविले. नऊ फूट उंचीची नळी वापरणे अवघड होते. पारा पाण्याच्या सुमारे साडेतेरा पट जड असतो; म्हणून रक्ताऐवजी पाऱ्याचा स्तंभ वापरला, तर तोच दाब फार थोड्या उंचीत मोजता येतो. प्वाझयने १८२८ मध्ये इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकविलेली पाऱ्याची नळी याकरिता उपयोगात आणली. तेव्हापासून रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगण्याची रीत पडली. १२० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ होय. माणसाच्या रोहिणीला हेल्सप्रमाणे काचेची नळी जोडली, तर रक्त तिच्यात जवळजवळ पुरुषभर उंच चढेल!

प्वाझयला या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट आढळली. हृदयाजवळची मोठी रोहिणी असो की हृदयापासून दूर असलेली असो, दोहोंतील दाब जवळजवळ सारखाच भरतो. नीलेत मात्र तो अगदी थोडा उरतो. मग दाब कमी होतो तरी कोठे? अर्थातच मधल्या बारीक वाहिन्यांत. बारीक नळीतून द्रव कसा वाहतो याचा छडा लावण्यासाठी त्याने केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या घेतल्या आणि त्यांतून निरनिराळ्या दाबाने पाणी सोडून अनेक वर्षे मोजमापे केली. त्यातून हाती आलेला नियम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. नळीची लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा होतो. परंतु नळीची रुंदी दुप्पट केली तर प्रवाह दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तर सोळा पट होतो!

सोळा पट का? नदीचे पाणी काठाशी संथ आणि मध्यभागी वेगवान असते, हे नदीकाठच्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. नळीतही तसेच घडते. नळीच्या भिंतीला चिकटलेला द्रवाचा थर जवळजवळ स्थिर असतो आणि तो शेजारच्या थराला मागे खेचतो. भिंतीपासून जितके दूर जावे, तितकी ही अटकाव करणारी ओढ कमी होते. नळी दुप्पट रुंद झाली की तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते. शिवाय तिच्यातील द्रव भिंतीपासून अधिक दूर असल्याने त्याचा वेगही चौपट होतो. चार गुणिले चार म्हणजे सोळा. रक्त हे पाण्याहून दाट असते आणि रक्तवाहिन्या काचेसारख्या ताठ नसतात, म्हणून हा नियम शरीराला तंतोतंत लागू पडत नाही. पण त्याचे मर्म तेथेही खरे आहे.

शरीर याच नियमाचा उपयोग करून घेते. शेतात विहिरीचे पाणी पाटाने येते आणि वाफ्यांत पसरते. कोणत्या वाफ्याला किती पाणी द्यावयाचे, हे शेतकरी वाफ्याच्या तोंडाशी माती सारून किंवा ओढून ठरवितो. शरीरातही मोठ्या रोहिण्या पाटासारख्या आहेत आणि केशवाहिन्या वाफ्यांसारख्या. या दोहोंच्या मध्ये ज्या अगदी लहान रोहिण्या असतात, त्यांच्या भिंतींत स्नायू असतात. हे स्नायू आकुंचन पावले की वाहिनी अरुंद होते. वाहिनीची रुंदी केवळ एक दशांशाने घटली, तरी तिच्यातील प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने घटतो. धावताना पायांच्या स्नायूंकडे अधिक रक्त जाते, ते त्यांच्या वाहिन्यांची तोंडे रुंद होतात म्हणून. पाटाचे पाणी वाफ्यात पसरले की संथ होते, त्याचप्रमाणे केशवाहिन्यांच्या असंख्य शाखांत पसरलेले रक्तही अतिशय हळू, सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वेगाने सरकते. या संथपणामुळेच प्राणवायू आणि अन्नद्रव्ये पेशींपर्यंत पोहोचण्यास अवसर मिळतो.

मोठ्या रोहिण्यांचे कार्य आणखी वेगळे आहे. हृदय ठोक्याठोक्याने रक्त सोडते, मग केशवाहिन्यांत ते अखंड कसे वाहते? हेल्सने याची तुलना त्या काळच्या आगीच्या बंबाशी केली होती. बंबाचा दट्ट्या खालीवर होतो, तरी पाण्याची धार तुटत नाही. कारण बंबातील बंद पेटीतली हवा दबते आणि प्रसरण पावताना पाणी पुढे ढकलीत राहते. रोहिण्यांच्या लवचिक भिंती हेच काम करतात. हृदय आकुंचन पावते तेव्हा त्या फुगतात, आणि हृदय विसावा घेते तेव्हा पूर्ववत होताना रक्त पुढे लोटतात. म्हणूनच रक्तदाबाचे आकडे दोन असतात. वरचा आकडा हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा आणि खालचा हृदयाच्या विश्रांतीच्या वेळचा.

एवढे ज्ञान झाले, तरी दाब मोजण्यासाठी रोहिणी कापणे चुकत नव्हते. फ्रान्समध्ये १८५६ साली फेव्र या वैद्याने शस्त्रक्रिया चालू असताना माणसाच्या रोहिणीतील दाब प्रत्यक्ष मोजला आणि तो सुमारे १२० मिलिमीटर भरला. पण केवळ दाब मोजण्यासाठी कोण आपली रोहिणी कापू देईल?

हे कोडे सोडविण्यासाठी विचाराची दिशाच बदलावी लागली. रोहिणीच्या आतील दाब आत शिरून मोजण्याऐवजी बाहेरून तेवढाच दाब द्यावा, आणि रोहिणी कधी मिटते ते पाहावे! या दिशेने काही जणांनी प्रयत्न केले. इटलीतील तुरिन येथील रिव्हा-रॉची या वैद्याने १८९६ मध्ये त्यातून सोपे व विश्वसनीय साधन तयार केले. ते तयार करण्यास त्याने सायकलच्या चाकातील रबरी नळीसारख्या सहज मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. दंडाभोवती गुंडाळलेल्या रबरी पट्ट्यात हवा भरावयाची आणि मनगटाची नाडी पाहत राहावयाचे. नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचावयाची. तोच वरचा दाब. आरंभीचा पट्टा फार अरुंद होता आणि त्यामुळे आकडा फाजील येई. तो पुढे रुंद करण्यात आला. खालचा दाब मात्र या रीतीने नीट कळत नव्हता.

ती उणीव रशियातील निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण शल्यवैद्याने भरून काढली. रशिया आणि जपान यांच्यातील युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर त्याने उपचार केले होते. ज्यांच्या रोहिण्यांना इजा झाली आहे अशा सैनिकांची शस्त्रक्रिया करताना एक बिकट प्रश्न उभा राही. रोहिणी बांधून टाकली तर पुढचा हात किंवा पाय जगेल की कुजेल? याचा अंदाज घेण्यासाठी कोरोत्कोव्ह रोहिणीवर श्रवणनळी ठेवून ऐकत असे. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आले की, पूर्ण मिटलेली रोहिणी निःशब्द असते. पट्ट्यातील हवा हळूहळू सोडली की एका क्षणी टक् टक् असा ध्वनी ऐकू येऊ लागतो. हृदयाच्या आकुंचनाचा जोर पट्ट्याच्या दाबाहून किंचित अधिक झाला आणि मिटलेल्या रोहिणीतून रक्ताची एक चिळकांडी निसटली, याची ती खूण असते. अर्धवट मिटलेल्या वाहिनीतून जाताना रक्तात भोवरे उठतात, वाहिनीची भिंत थरथरते, आणि त्यामुळे आवाज होतो. पट्टा आणखी सैल झाला की वाट पूर्ण मोकळी होते, रक्त पुन्हा शांतपणे वाहू लागते आणि आवाज थांबतो. आवाज सुरू होतो तो वरचा दाब. आवाज थांबतो तो खालचा दाब. कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील सैनिकी वैद्यक विद्यालयात ही रीत सांगितली. त्याचे छापील निवेदन एक पृष्ठही भरत नाही. परंतु हेल्सच्या घोडीने जे ज्ञान प्राण देऊन दिले, ते कोणालाही इजा न करता मिळविण्याचा मार्ग त्यात होता.

हे आकडे जाणणे इतके महत्त्वाचे का? कारण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. लहान रोहिण्या अरुंद झाल्या की त्यांतून रक्त ढकलण्यास हृदयाला अधिक जोर करावा लागतो. अशा श्रमाने हृदयाचा स्नायू जाड होतो, रोहिण्यांच्या भिंती कठीण होतात आणि एखादे दिवशी मेंदूतील वाहिनी फुटते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६ आणि १०८ असा भरला. महायुद्ध चालू होते. वैद्यांनी विश्रांती आणि मीठ कमी घेण्याचा सल्ला दिला. याहून प्रभावी असे औषध तेव्हा त्यांच्या हाती नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट मरण पावले. त्या दिवशी वरचा आकडा ३०० च्या पलीकडे गेला होता. जगातील एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला धोक्याची सूचना वर्षभर आधी मिळाली होती, पण तिचा उपयोग करता आला नाही. रक्तदाब सौम्यपणे उतरविणारी गोळ्यांची औषधे १९५८ च्या सुमारास वापरात येऊ लागली.

आज परिस्थिती उलट आहे. औषधे आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सीमाही आखून दिली आहे : निरनिराळ्या दोन दिवशी मोजूनही आकडे १४० व ९० किंवा त्यांहून अधिक आले, तर तो उच्च रक्तदाब समजावा. पण ज्याला काही दुखत नाही तो मोजून घेण्यास जात नाही. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने पाऱ्याची साधने आता मागे पडत आहेत आणि त्यांच्या जागी विजेवर चालणारी साधने आली आहेत. तरीही मोजमाप अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतात. मोजताना रुग्णाने पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, असे डॉक्टर सांगतात. हात खाली लोंबत ठेवला तर रक्ताच्या स्तंभाचे वजन मिळून आकडा फाजील येतो. वर उचलला तर कमी येतो. हेल्सच्या उभ्या नळीचा नियम तेथेही चुकत नाही.

घरातील वडीलधाऱ्या माणसांनी दंडाला पट्टा बांधून घेण्याचा कंटाळा केला, तर मुलांनी त्यांना ही कहाणी सांगावी. ज्या दोन आकड्यांसाठी एका मुक्या जनावराचा प्राण गेला आणि ज्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञांनी परिश्रम केले, ते आज गावच्या आरोग्य केंद्रात दोन मिनिटांत कळतात. ते जाणून न घेणे योग्य नव्हे.

शब्दार्थ

रोहिणी – हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणारी वाहिनी. नीला – अवयवांकडून हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी. केशवाहिनी – केसाहूनही बारीक रक्तवाहिनी. उबग – वीट, कंटाळा. अनाठायी – अयोग्य, गैरलागू. अवसर – वेळ, संधी. दट्ट्या – पंपातील खालीवर होणारा दांडा. फाजील – वाजवीपेक्षा जास्त.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रक्त शरीरात फिरते हे हार्वीने कोणत्या साली सिद्ध केले?
(आ) हेल्सच्या नळीत घोडीचे रक्त किती उंच चढले?
(इ) प्वाझयने रक्ताऐवजी पारा का वापरला?
(ई) पूर्ण मिटलेल्या रोहिणीतून आवाज का येत नाही?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) नळीची रुंदी दुप्पट केल्यास प्रवाह सोळा पट का होतो?
(आ) रक्ताभिसरणाला पाट व वाफे यांची उपमा कशी लागू पडते?
(इ) रक्तदाबाचे आकडे दोन का असतात?

३. हेल्सविषयी पोपला काय वाटत असे? त्याचे मत तुम्हांस पटते काय? आपले विचार आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : खर्ची पडणे, छडा लावणे, उबग येणे, ध्यानात येणे.

५. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : रक्तदाब, श्रवणनळी, महायुद्ध, नदीकाठ.

६. स्वस्थ बसून मनगटावरील नाडीचे एका मिनिटातील ठोके मोजा. मैदानाला एक फेरी धावून आल्यावर ते पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून फरकाचे कारण सांगा.